एक्क्यांची जोडी आणि पाच प्रतिस्पर्धी

पत्त्यांच्या इतिहासावर लिहिणारे बहुधा पानांविषयी लिहितात, खेळाविषयी लिहीत नाहीत. पाने कोणत्या देशातून आली, त्यांवर चित्रे कोणती होती, लाखेचा लेप कसा देत असत, याची माहिती पुष्कळ मिळते. परंतु हाती उत्तम पाने आली असता माणसाने काय करावे, या प्रश्नालाही इतिहास आहे, आणि तो अधिक मनोरंजक आहे. हलक्या पानांचा प्रश्न सोपा असतो. ती टाकून द्यावीत आणि स्वस्थ बसावे. सर्वश्रेष्ठ पानांचा प्रश्नही सोपाच. खरी अडचण मधल्या जागी आहे. हाती आलेली पाने चांगली आहेत, पण अजिंक्य नाहीत. आणि समोर एक नव्हे, चार-पाच प्रतिपक्षी बसले आहेत. पत्त्यांच्या बैठकीत माणसे जी बुडाली, ती वाईट पानांमुळे क्वचितच बुडाली. ती बुडाली या चांगल्या पानांमुळे.

हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांत घरोघर पोहोचला तो लोहमार्गामुळे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, आणि 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईस पश्चिमेकडील पहिली उपनगरी गाडी आली. तोवर साष्टी म्हणजे भातखाचरे, ताडमाड, मिठागरे आणि कोळीवाडे. 1896 च्या प्लेगाने शहरातील माणूस मोकळ्या हवेच्या शोधात बाहेर निघाला, आणि पुढील अर्धशतकात अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही खेडी चाकरमान्यांची वसतिस्थाने बनली. प्रत्येकाने आपल्याबरोबर आपला खेळ आणला. मराठी कुटुंबांतून मेंढीकोट व गुलामचोर आले. कच्छ-काठियावाडातून आलेल्या कुटुंबांनी, विशेषतः घाटकोपर व मुलुंड या भागांत, श्रावणातील सातम-आठमची प्रथा आणली. गोकुळाष्टमीच्या आगेमागे रात्र रात्र पत्ते खेळावयाचे, आणि तेही पैसे लावून, ही प्रथा धर्मशास्त्राच्या कोणत्या वचनावर उभी आहे हे सांगणे कठीण आहे; पण ती उभी आहे खरी. या रात्रींचा राजा म्हणजे तीन पत्तीचा खेळ.

तीन पत्तीची रीत सर्वपरिचित आहे. प्रारंभी प्रत्येकाने ठरलेली रक्कम मध्यभागी ठेवावयाची, तीन पाने घ्यावयाची, आणि पाळीपाळीने एक तर चाल द्यावयाची किंवा पाने टाकावयाची. ज्याने आपली पाने पाहिलेलीच नाहीत तो ‘ब्लाइंड’, आणि त्याला पाहिलेल्याच्या निम्म्यातच चाल देता येते. दोघेच उरले म्हणजे पाने उघडता येतात, तोवर नाही. या शेवटच्या नियमात सारे मर्म साठले आहे. तिघे उरलेले असताना आपली जोडी मोठी की त्यांची, हे पैसे देऊनसुद्धा सर्वांसमक्ष विचारता येत नाही.

आता थोडे गणित. बावन्न पानांतून तीन पानांचे एकंदर 22,100 हात संभवतात. त्यांत तिन्ही सारखी पाने येण्याचे 52, एकाच रंगाच्या क्रमाचे 48, साध्या क्रमाचे 720, नुसत्या एका रंगाचे 1,096 आणि जोडीचे 3,744. उरलेल्या 16,440 हातांत काहीच नसते. एक्क्यांची जोडी ही जोड्यांत सर्वांत मोठी. तिला हरविणारे हात एकंदर 1,916, म्हणजे शंभरात नऊच्या आत. समोर एकच प्रतिपक्षी असेल तर या जोडीच्या धन्याने निश्चिंत राहावे. पण समोर तिघे असतील तर त्यांच्यापैकी कोणाजवळ तरी मोठा हात असण्याचा संभव शंभरात सुमारे चोवीस होतो, आणि पाच असतील तर साडेछत्तिसांच्या घरात जातो. जोडी तीच, एक्केही तेच. तरी तीन डावांत सुमारे एक डाव हातचा गेला. हातातील पानांचे मोल एकट्या पानांवर ठरत नाही, ते समोर किती माणसे उरली यावरही ठरते, ही गोष्ट उघड दिसते. परंतु खेळणाऱ्याचे डोळे आपल्या तीन पानांवर खिळलेले असतात, आणि डोकी मोजण्याचे त्याला सुचत नाही.

जुन्या गंजिफेत ही अडचण निराळ्या स्वरूपाची होती. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत 120 पाने, दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने असतात. खेळणारे बहुधा तिघे. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने आरंभ करावयाचा, रात्री कृष्णाचा. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर निम्म्यांत एक्का मोठा; त्यामुळे नवख्याची त्रेधा उडे. या खेळात तुरूप नाही. राजाला कोणी मारू शकत नाही, मग समोर दोन असोत की दहा. भय असते ते प्रधानाला, आणि तेही एकाच पानाचे. आपल्या रंगाचा राजा खेळून गेला की प्रधान निर्धास्त झाला. तेव्हा येथे कसब स्मरणशक्तीचे होते. दोघांच्या हातांतील ऐंशी पानांपैकी कोणती गेली आणि कोणती राहिली हे ध्यानात ठेवावयाचे. प्रधानाचा वैरी कोण हे ठाऊक असे. तो कोणाच्या हाती आहे एवढेच ओळखावयाचे. तीन पत्तीत वैऱ्याचे नावही ठाऊक नसते, आणि वैरी एक आहे की चार हेही ठाऊक नसते.

तीन पत्तीचे कुळ इंग्लंडातील ‘ब्रॅग’ या खेळाचे. तेथे तो इतका फोफावला होता की एडमंड हॉईल या खेळांच्या ग्रंथकर्त्याने 1751 साली त्यावर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्याच सुमारास अशा प्रकारचे खेळ अटलांटिकपलीकडे गेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिसिसिपी नदीच्या काठी, न्यू ऑर्लीन्सच्या आसपास, पोकरचा जन्म झाला. प्रथम हा खेळ वीस पानांचा होता. चौघांना पाच-पाच पाने वाटली की गंजी संपली. पुढे बावन्न पाने आली, पाने बदलून घेण्याची सोय आली, आणि प्रश्नाचे रूप पालटले. तीन पत्तीत प्रतिपक्ष्याचा हात जसा वाटला तसाच राहतो. पोकरात तो सुधारतो. आता हरलेला माणूस पुढच्या पानाला जिंकलेला असू शकतो.

आज सर्वत्र खेळल्या जाणाऱ्या ‘टेक्सास होल्डेम’ या प्रकारात प्रत्येकास दोन गुप्त पाने मिळतात, आणि पाच पाने सर्वांच्या सामाईक उपयोगासाठी क्रमाक्रमाने उघडली जातात. येथेही आरंभीचा सर्वोत्तम हात म्हणजे दोन एक्केच. वाटेल त्या पानांचा एकच प्रतिस्पर्धी शेवटपर्यंत राहिला तर ते शंभरात 85 वेळा जिंकतात. पाच राहिले तर 49 वेळा. नऊ राहिले तर अवघे 31 वेळा. हे आकडे पाहून पुष्कळ जण असा निष्कर्ष काढतात की सर्वांना पळवून लावावे. तो निष्कर्ष अर्धाच खरा आहे. पाच प्रतिस्पर्ध्यांनी आपल्याइतकाच पैसा घातला असेल, तर सहा वाटे जमले; त्यांपैकी निम्म्याच्या जवळपास, म्हणजे सुमारे तीन वाटे, आपल्याकडे येण्याजोगे आहेत. एकट्याशी खेळून दोनही वाटे पुरते येत नाहीत. म्हणजे पराभव वारंवार होतात, पण लाभही वाढतो. धैर्य नसलेल्या माणसाला हे सहन होत नाही, एवढेच.

तेव्हा प्रश्न माणसे घालविण्याचा नाही. पुढचे पान त्यांना फुकट पाहू द्यावयाचे की नाही, हा प्रश्न आहे. मध्ये शंभर रुपये जमले आहेत, तीन सामाईक पाने उघडली आहेत, त्यांत दोन बदाम आहेत, आणि एका प्रतिपक्ष्याच्या हातीही दोन बदाम आहेत, असे समजू. त्याला न दिसलेली 47 पाने उरली, त्यांत नऊ बदाम. पुढच्या पानाला त्याचा हात पुरा होण्याचा संभव शंभरात 19. जोडीवाल्याने भिऊन काहीच लावले नाही, तर ही संधी त्याला फुकट मिळाली. पन्नास रुपये लावले, तर त्याला पन्नास घालून एकूण दोनशेंसाठी झगडावे लागेल. चारांत एकदा तरी जिंकल्यावाचून हा व्यवहार परवडणार नाही, आणि त्याचा संभव तर पाचांत एकाहूनही कमी. पण मधल्या दोघांनी आधीच पन्नास-पन्नास भरले असतील तर? मग तोच माणूस पन्नास घालून तीनशेंसाठी झगडतो. सहांत एकदा जिंकले तरी पुरे. जी किंमत एकट्याला महाग होती तीच गर्दीत स्वस्त झाली. म्हणून समोर माणसे अधिक असली की बळकट पण असुरक्षित हाताच्या धन्याने रक्कम वाढवावी लागते; आणि इतके करूनही जे जागचे हलत नाहीत, त्यांच्याजवळ काहीतरी आहे असे समजून सावध व्हावे लागते. वाढविणे आणि सावध होणे या दोन गोष्टी एकाच हाताने एकाच डावात करावयाच्या आहेत. उपनगरांतील कित्येक पगार पहिल्या आठवड्यातच संपले ते यांपैकी पहिलीच गोष्ट शिकल्यामुळे.

विद्वानांनाही अनेकांशी चाललेल्या या खेळाने दीर्घकाळ छळले. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने 1928 साली दोघांच्या खेळाचा सिद्धांत मांडला, आणि 1944 च्या प्रसिद्ध ग्रंथात पोकरला स्वतंत्र स्थान दिले. पण त्यात झुंज दोघांचीच. तिघांच्या एका अगदी साध्या पोकरचा विचार जॉन नॅश यांनी 1950 च्या सुमारास केला. यंत्रांची प्रगतीही याच क्रमाने झाली. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या यंत्रबुद्धीने 2017 साली निष्णात खेळाडूंना हरविले, ते एकेकट्याशी खेळून. सहा जणांच्या मेजावर तोच पराक्रम करावयास नोअम ब्राउन व टुओमास सँडहोम यांच्या ‘प्लुरिबस’ला 2019 साल उजाडावे लागले.

कायद्याच्या दृष्टीने मात्र या बारकाव्यांना किंमत किती, हा प्रश्न वेगळा आहे, आणि सामान्य माणसाचे खरे नशीब तेथे ठरते. मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा चौथा. त्याच्या तेराव्या कलमाने केवळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली. केवळ कौशल्य म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात विचार केला, आणि ज्या खेळात कौशल्याचे पारडे जड तो कौशल्याचा, असा अर्थ रूढ झाला. पुढे सिकंदराबादेतील एका क्लबावरील छाप्यातून निघालेल्या खटल्यात 1967 साली न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी रमीला कौशल्याचा खेळ ठरविले, कारण तीत पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, आणि कोणते ठेवावे, कोणते टाकावे हे ठरवावे लागते. त्याच ओघात ‘फ्लश’, ‘ब्रॅग’ इत्यादी नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा, असे शब्द निकालात आले. म्हणजे गंजिफा खेळणारा या कसोटीला उतरला असता. तीन पत्ती खेळणारा उतरला नाही.

न्यायालयाने पाहिले ते पानांकडे, आणि पानांपुरते ते म्हणणे खरे आहे. तीन पत्तीत वाटलेले पान बदलत नाही, टाकलेले कोणी पाहत नाही. ध्यानात ठेवण्याजोगे तेथे काही नाही. परंतु समोर पाच राहतात की एक, हे पानांनी ठरत नाही. ते चालीने ठरते, आणि चाल देणारा माणूस असतो. पोकरच्या बाबतीत हाच वाद अधिक तीव्रतेने झाला, आणि त्याची उत्तरे प्रांतोप्रांती निराळी आली. पश्चिम बंगालच्या 1957 च्या कायद्याने ब्रिज, रमी यांच्याबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून वगळले. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 साली पोकर हा नशिबाचा खेळ ठरविला. तेच दोन एक्के कलकत्त्यास गुणवत्ता आणि अहमदाबादेस गुन्हा!

गोव्याने 1976 साली सार्वजनिक जुगाराचा कायदा केला, व पुढे 1992 व 1996 च्या दुरुस्त्यांनी त्यात हॉटेलांना आणि जहाजांना वाट करून दिली. बोरिवली-अंधेरीचा हौशी खेळाडू मांडवी नदीतील तरंगत्या कॅसिनोंकडे धावू लागला तो त्यामुळे. महाराष्ट्रानेही त्याच 1976 साली कॅसिनोंवर नियंत्रणाचा कायदा संमत केला होता. तो कधीच अमलात आला नाही, आणि 2023 साली रद्द झाला. घरच्या बैठकीत जिंकलेल्याची तर आणखीच पंचाईत. 1872 च्या करारविषयक कायद्याच्या तिसाव्या कलमान्वये पैजेचा करार निरर्थक. आणि मुंबई इलाख्यात 1865 च्या एका कायद्याने पैजेला आनुषंगिक असलेले करारही त्यापूर्वीच निरर्थक ठरविले होते. उधारीवर जिंकलेली रक्कम कोर्टात मागता येत नाही. ती हरणाऱ्याच्या इभ्रतीवर असते, आणि कर्ज काढून तरी ती इभ्रत राखणारी कुटुंबे उपनगरांत कमी झाली नाहीत.

दरम्यान हा खेळ मेजावरून उठून दूरध्वनीच्या पडद्यावर गेला. तेथे समोरचे पाच जण दिसतही नाहीत. मुद्रा नाही, कचरणारा हात नाही, फक्त रक्कम वाढल्याचा आकडा. संसदेने 2025 च्या ऑगस्टात ऑनलाइन खेळांसंबंधी कायदा केला, आणि पैसे लावून खेळण्याच्या अशा सर्व खेळांना मनाई करताना ते कौशल्याचे की नशिबाचे हा प्रश्नच बाजूस ठेवला. राष्ट्रपतींची संमती 22 ऑगस्टला मिळाली. गोकुळाष्टमी होऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता.