तर, टोकरी आणि काहील

काकतीहून कोल्हापूरकडे निघालेला आजचा प्रवासी मार्कंडेय, घटप्रभा, संकेश्वरची हिरण्यकेशी, निपाणीजवळ यमगर्णीला लागणारी वेदगंगा, आणि अखेरीस कागलनजीकची दूधगंगा अशा पाच नद्या दोन-अडीच तासांत मागे टाकतो, आणि यांतल्या बहुतेक नद्या त्याच्या ध्यानीही येत नाहीत. पूल होण्यापूर्वी मात्र मृगापासून हस्तापर्यंत यांतील प्रत्येक नदी हा त्या वाटेवरचा एक स्वतंत्र मुक्काम होता. टपाल, गुळाच्या ढेपा, तंबाखूचे बोद, लग्नाची वऱ्हाडे आणि लष्करी रसद ही सारी तिच्या काठी येऊन थांबत आणि पाण्याचा रंग पाहत बसत. काकतीचे नाव कित्तूरच्या राणी चन्नम्माचे जन्मस्थान म्हणून इतिहासाने जतन केले आहे, ते यथायोग्यच आहे. परंतु त्याच मुलखातील सामान्य माणसाने पाणी कसे ओलांडले, कोणत्या साधनाने ओलांडले आणि ते साधन जुने झाल्यावर त्याचे काय केले, हा इतिहासही मला तितकाच आस्थेचा वाटतो.

उन्हाळ्यात नदीला उतार असे, म्हणजे गाडीबैल पायी पार होत. पावसाळ्यात उतार बुडाला की तर, म्हणजे नावेने नदी पार करण्याची सोय, सुरू होई. तर चालविणारा नावाडी गावगाड्याचा घटक होता: मराठी मुलखात तो बहुधा कोळी किंवा भोई, कानडी मुलखात अंबिग, आणि गावकऱ्यांकडून रोकड उताराई घेण्यापेक्षा सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य घेण्याचीच त्याची वहिवाट. या व्यवसायाची प्रतिष्ठा किती जुनी आहे हे पाहायचे असेल, तर बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या काळी वचने रचणाऱ्या अंबिगर चौडय्यांचे स्मरण करावे. नाव चालविणाऱ्या या संताने आपला धंदाच आपल्या नावात मिरविला. पुढे इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यासाठी १८६८ साली तरींचा कायदा झाला, सरकारी तरींचे मक्ते लिलावाने दिले जाऊ लागले, आणि खळ्यावरच्या धान्याच्या जागी दरपत्रक, मुदत आणि वसुली ही कचेरीची भाषा नदीकाठी आली. मक्ता मुदतीचा असल्यामुळे नवी नाव बांधण्यात भांडवल गुंतविण्यापेक्षा वापरातली नाव पारखून घेऊन ती डागडुजीने उभी करणे मक्तेदाराला साहजिकच अधिक सोयीचे होते. आणि या परीक्षेतच नावाड्याचे खरे कसब होते.

लाकडी नावेची परीक्षा वैशाखात होई, कारण त्या वेळी ती काठावर पालथी घातलेली असे. वरचा डांबराचा थर कोणालाही फसवू शकतो, म्हणून जाणता माणूस प्रथम तळाच्या फळ्यांच्या सांध्यांवर चाकूचे टोक टेकवी. टोक अडले तर लाकूड जिवंत, अलगद आत गेले तर कुजलेले. मग बोटाच्या पेराने फळी ठोकून तिचा नाद ऐकायचा, खिळ्यांभोवती काळा डाग पसरला आहे का ते पाहायचे आणि शेवटी नाव सुलटी करून आत पाणी भरून रात्रभर ठेवायची, म्हणजे सकाळी बाहेरच्या अंगाला पाझर कोठे आहे ते आपोआप कळते. सांध्यांतील जुना काथ्या उकरून तेथे नवा ठासणे, त्यावर तेलात कढविलेली राळ ओतणे, वल्ह्यांचे आधार बदलणे आणि लांब बांबूचा वासा व दोर नवा घेणे, एवढे झाले की नाव पुन्हा पाण्यात उतरायला सिद्ध होई.

तथापि घटप्रभा-मलप्रभेच्या प्रदेशाचे स्वतःचे वाहन लाकडी नाव नव्हे. ते म्हणजे कळकाच्या कामट्यांची, कातड्याने मढविलेली वाटोळी टोकरी, कानडीतील हरिगोलु. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात विजयनगरास आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने तिचे वर्णन करून ठेवले आहे: आतून वेताची, बाहेरून चामड्याची, पंधरा-वीस माणसे बसतील एवढी, आणि सरळ न जाता सतत गिरक्या घेत जाणारी. त्यानंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी, १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत, आर्थर वेलस्ली याने, म्हणजे पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेल्या सेनापतीने, याच भागातील नद्या भर पावसाळ्यात ओलांडता याव्यात म्हणून अशाच टोकऱ्या बनविण्याचे हुकूम सोडले: दहा फूट व्यास, सव्वादोन फूट खोली आणि दुहेरी कातडे. युरोपातील युद्धशास्त्रात वाढलेल्या या माणसाने स्थानिक बुरुड, चांभार आणि अंबिग यांच्या ज्ञानावर आपली रसद सोपविली, ही गोष्ट माझ्या मते त्या मोहिमेच्या लढायांच्या वर्णनांइतकीच उल्लेखनीय आहे.

जुनी टोकरी पारखण्याची रीत निराळी. ती उन्हाकडे बूड करून उभी धरायची आणि आत डोके घालून पाहायचे. कातड्याला सुईएवढे छिद्र असले तरी प्रकाशाचा ठिपका लगेच दिसतो. छिद्राला ठिगळ लागते, त्याची चिंता नसते. चिंता असते ती काठाच्या गुंफणीची. तेथील कामटी दाबताना करकरली, तर सांगाडा कोरडा पडून ठिसूळ झाला आहे असे समजावे, आणि असली टोकरी फुकट मिळाली तरी घेऊ नये. कातडे प्रत्येक खेपेनंतर वाळवावे लागते व त्याला तेल पाजावे लागते. ज्या घरी हा नेम पाळला जातो त्या घरची जुनी टोकरी दुसऱ्याच्या नव्या टोकरीहून भरवशाची.

कृष्णा-वेदगंगेच्या ऊसपट्ट्यात तिसरे एक साधन होते आणि आजही आहे, ते म्हणजे गुऱ्हाळाची काहील. उसाचा रस आटविण्यासाठी लोखंडी पत्र्याची, उथळ, सपाट बुडाची आणि उचलण्यासाठी काठाला कड्या असलेली ही प्रचंड कढई पुराच्या दिवसांत गुऱ्हाळघरातून बाहेर निघते आणि तिच्यात वृद्ध माणसे, लेकुरवाळ्या बाया आणि धान्याची पोती बसवून पट्टीचे पोहणारे ती ढकलत नेतात. काहील निवडतानाही पारख लागते: चुलवाणावर वर्षानुवर्षे तापून बुडाचा पत्रा ज्या जागी पातळ होतो तेथे आणि रिबिटांच्या भोवती गंज धरला आहे का, हे आधी पाहावे लागते, शिवाय काहिलीला काठ बेताचाच असल्यामुळे आत बसलेल्याने उभे राहायचे नाही, हा नियम लहान मुलालाही ठाऊक असतो.

पुलांनी तरींचा अंत केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सडका आणि मग रेल्वे आली. सांगलीला कृष्णेवर १९२९ साली आयर्विन पूल उघडला. आणि एकामागून एक घाटावरचे नावाडी शेतमजुरीकडे किंवा निव्वळ मासेमारीकडे वळले. परंतु पाणी गेले नव्हते, त्याचे रूप तेवढे पालटले. १९७७ साली घटप्रभेवर हिडकलचे धरण, म्हणजे राजा लखमगौडा जलाशय, पूर्ण झाले, आणि जेथे नदी ओलांडण्यापुरती नाव हवी होती तेथे दिवसभर जाळी टाकीत फिरण्यासाठी नाव हवी झाली. धरणाने नौकेचे काम पालटावे हे केवळ आपल्याकडेच घडलेले नाही. अमेरिकेतही विसाव्या शतकात बांधलेल्या विस्तीर्ण जलाशयांत बास नावाचा शिकारी मासा गळाने धरण्याचा छंद फोफावला आणि १९४८ साली होम्स थर्मंड याने केवळ त्या एका माशासाठी निमुळती, बसकी, उथळ पाण्यात चालणारी होडी घडविली. तिकडे अशा वापरलेल्या होड्यांचा मोठा बाजार आहे आणि तेथील घेणाराही तळाचे लाकूड भिजून कुजले आहे का हेच प्रथम तपासतो.

आमच्याकडच्या जलाशयांत रोहू-कटल्याची जाळी टाकणारा मच्छीमार आजही बहुधा टोकरीतच बसतो. कातड्याची जागा आता प्लास्टिकच्या कापडाने किंवा खताच्या रिकाम्या पोत्यांनी आणि त्यांवर फासलेल्या डांबराने घेतली आहे. ज्याला ऐपत आहे तो फायबरची जुनी होडी घेतो, तिच्या तळावर थर सुटून फुगवटा आला आहे का हे तळहाताने चाचपून पाहतो, वल्ह्याची जोडी, लांब दोर, पाणी उपसायला डबा आणि दगडाचा नांगर एवढी सामग्री जुळवितो आणि कामाला लागतो. या यादीत तरंगते जाकीट बहुधा नसते, याचे मला मनापासून दुःख वाटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे माणसे वाहून नेणारी नाव उलटली आणि गावाच्या डोळ्यांदेखत कितीतरी जीव गेले. माणसांचा भार आणि नावेची ताकद यांचा मेळ घालण्याचे जे ज्ञान तरीच्या नावाड्याजवळ होते, ते तर बंद पडताच गावातून नाहीसे झाले. पुराच्या तयारीसाठी गावोगावी नावा दिल्या जातात, तेव्हा प्रत्येक नावेच्या काठावर तिची माणसांची मर्यादा मराठीत आणि कानडीत ठळक रंगविली जावी, आणि दर वैशाखात ती नाव पालथी घालून पाहण्याचे काम गावातल्या उरल्यासुरल्या अंबिग-कोळ्यांकडे मानधनासह सोपवावे, एवढी मागणी या सीमाभागातील दोन्ही राज्यांच्या महसूल खात्यांकडे करायला हवी.