नीसची हवा आणि क्षयाचे रुग्ण

"डॉक्टर, मामांना महिनाभर पाचगणीला नेऊन आणू का? हवापालट झाली की खोकला आपोआप थांबेल." क्षयाचं निदान झालं की घरातलं कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. मला त्यात चुकीचं काही वाटत नाही, कारण जवळजवळ दोनशे वर्षं युरोपातले नामांकित डॉक्टरही हेच सांगत होते. त्यांचा सगळ्यात आवडता पत्ता होता फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं नीस.

नीसचं अक्षांश कॅनडातल्या टोरंटोएवढंच आहे, साधारण ४३.७ अंश उत्तर. जानेवारीत टोरंटोत पारा शून्याखाली असतो, तेव्हा नीसमध्ये दुपारी १२-१३ अंश तापमान आणि लख्ख ऊन असतं. याचं कारण भूगोलात आहे. पाठीमागे आल्प्सची भिंत उभी असल्यामुळे उत्तरेचे थंड वारे अडतात. समोरचा भूमध्य समुद्र उन्हाळाभर साठवलेली ऊब हिवाळ्यात हळूहळू सोडत राहतो. लंडनच्या कोळशाच्या धुरात खोकणाऱ्या माणसाला इथे आल्यावर बरं वाटलं नसतं तरच नवल!

अशाच एका खोकणाऱ्या माणसामुळे नीसचं नाव इंग्रजांच्या घरोघरी पोचलं. टोबायस स्मॉलेट हा शिक्षणाने डॉक्टर, पण लोक ओळखत कादंबरीकार म्हणून. १७६३ मध्ये त्याची एकुलती एक मुलगी पंधराव्या वर्षी गेली. त्याची स्वतःची छाती आधीच कमकुवत होती, आपल्याला क्षय झाला आहे अशी भीतीही मनात होती. त्याच वर्षाच्या शेवटी तो नीसला पोचला. मग डॉक्टरी सवयीने त्याने तापमान, वारा, पाऊस यांची नोंदवही सुरू केली आणि ती वर्षभराहून अधिक काळ चालवली. मे महिन्यात तो समुद्रात पोहायला लागला, तेव्हा गावकरी थक्क झाले. क्षयी दिसणारा माणूस पाण्यात उडी मारतो म्हणजे आता मरणारच, असं तिथल्या काही डॉक्टरांनी सांगून टाकलं. स्मॉलेट मरायचा राहिला, उलट श्वास मोकळा झाल्याचं त्याने लिहून ठेवलं. १७६६ साली त्याचं प्रवासाचं पुस्तक आलं, हवामानाच्या नोंदींसकट. त्यात माश्या, डास आणि स्थानिक लोक यांच्याबद्दल भरपूर कुरकुर आहे. वाचकांनी मात्र त्यातली हवा तेवढी लक्षात ठेवली.

पुढे हिवाळी पाहुण्यांची रीघच लागली. समुद्रकाठचा प्रसिद्ध रस्ता १८२० च्या दशकात इंग्रज रहिवाशांच्या पैशातून झाला. त्याचं नाव आजही 'इंग्रजांचा रस्ता' असंच आहे. १८६४ मध्ये रेल्वे आली, राजेरजवाडे आले. आणि बरं व्हायला आलेली माणसं तिथेच मरूही लागली. रशियाचा युवराज निकोलस १८६५ मध्ये एकविसाव्या वर्षी नीसमध्ये गेला, बहुधा क्षयाच्या मेंदूज्वराने.

मग इतके डॉक्टर फसले कसे? क्षय हा चढउतारांचा आजार आहे. औषध नसतानाही काही रुग्णांना मध्येच बरं वाटतं, थोडेजण खरोखर बरेही होतात. त्यात विश्रांती, चांगलं अन्न आणि धुरापासून सुटका मिळाली की तब्येत सुधारते. श्रेय मात्र हवेला जातं. शिवाय एवढ्या लांबच्या प्रवासाला निघायचे ते पैसेवाले आणि चालण्याइतपत धडधाकट असलेले. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला, तरीही औषध यायला आणखी साठेक वर्षं लागली. तोवर डॉक्टरांच्या हातात हवेशिवाय होतं तरी काय? आपल्याकडेही त्याच काळात मिरज, पाचगणी इथे सॅनेटोरियम उभी राहिली.

अंतोन चेखव्ह तर स्वतः डॉक्टर. १८९७ मध्ये खोकल्यातून रक्त पडल्यावर तो हिवाळ्यासाठी नीसला गेला, नंतर याल्टाला समुद्राजवळ घर बांधलं, पुन्हा नीसला आला. १९०४ मध्ये तो जर्मनीतल्या एका आरोग्यस्थानी वारला, वय ४४. इतक्या चांगल्या हवा बदलून झाल्या, पण जंतू फुप्फुसातच होता.

या वादाचा निकाल लागला तोही एका किनाऱ्यावरच्या शहरात, पण हवेचं कौतुक कुणी करणार नाही अशा. १९५० च्या दशकात मद्रासमध्ये क्षयरुग्णांचे दोन गट केले गेले. एक गट सॅनेटोरियममध्ये: स्वच्छ हवा, सकस जेवण, विश्रांती. दुसरा गट आपापल्या घरी: दाटीवाटी, उकाडा, अपुरं अन्न. गोळ्या दोघांना सारख्याच, वर्षभर. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्हीकडचे रुग्ण जवळपास सारख्याच प्रमाणात बरे झाले होते आणि घरी राहिलेल्यांमुळे कुटुंबात जास्त लागणही झाली नव्हती. जगभरची क्षयाची सॅनेटोरियम पुढे बंद पडली, त्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

तेव्हा मामांना न्यायचंच असेल तर सुरुवातीचे काही आठवडे जाऊ द्या, कारण तेव्हा त्यांच्या खोकल्यातून इतरांना लागण होऊ शकते. नंतर खुशाल जा. निघण्यापूर्वी ज्या केंद्रातून औषध चालू आहे तिथे सांगा. मुक्काम लांबणार असेल तर पुढच्या गोळ्या तिकडच्या सरकारी केंद्रातून मिळण्याची सोय होते. आणि गोळ्यांचं पाकीट मोठ्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत ठेवा.