हद्दपाराच्या नावाचा पक्षी

हिवाळा लागला की आपल्या माळरानांवर आणि कापणी झालेल्या शेतांतून तिरचिमण्या लगबगीने धावताना दिसतात. मातकट पाठ, छातीवर बारीक रेघा. पाहणाऱ्याची नजर त्यांच्यावर क्वचितच ठरते. यांतील काही बारमाही येथल्याच रहिवासी, तर काही उत्तरेकडून आलेल्या पाहुण्या. या पाहुण्यांपैकी एकीला इंग्रज ब्लाइथची तिरचिमणी म्हणतात. शास्त्रात मात्र ती गोद्लेव्स्कीच्या नावाने ओळखली जाते. एका क्षुद्र दिसणाऱ्या पाखराला दोन माणसांची नावे कशी लाभली, याची हकिगत ऐकण्यासारखी आहे.

एडवर्ड ब्लाइथ १८४१ साली कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा व्यवस्थापक म्हणून आला. वेतन तुटपुंजे, काम अपार. जर्डनसारखे पक्षिशोधक ठिकठिकाणांहून पक्ष्यांची कातडी त्याच्याकडे धाडीत आणि तो त्यांची छाननी करी. खुद्द डार्विनने त्याच्या ज्ञानाचा आदराने उल्लेख केला आहे. १८६२ साली तो मायदेशी परतला.

त्याच सुमारास पोलंडमध्ये वेगळेच नाट्य घडत होते. वॉर्सावर तेव्हा रशियाच्या झारची सत्ता होती. १८६३ च्या जानेवारीत पोलिश देशभक्तांनी उठाव केला; तो चिरडला गेला आणि हजारोंची रवानगी सैबेरियात झाली. त्यांत बेनेडिक्ट डिबोव्स्की हा प्राणिशास्त्रज्ञ होता आणि विक्टर गोद्लेव्स्कीही होता. या दोघांनी हद्दपारीचेच अभ्यासक्षेत्र केले. बैकल सरोवराच्या गोठलेल्या पाठीवर भोके पाडून त्यांनी त्याची खोली मोजली, जलचर गोळा केले, पक्ष्यांचे नमुने जमविले. हे नमुने दूर वॉर्साच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात तचानोव्स्की या पक्षिशास्त्रज्ञाकडे जात. अर्गुन नदीच्या परिसरातील एका तिरचिमणीचे वर्णन त्याने १८७६ साली प्रसिद्ध केले आणि तिला आपल्या बंदिवान देशबांधवाचे नाव दिले. ब्लाइथ त्यापूर्वी तीन वर्षे, १८७३ साली, निवर्तला होता.

पुढे गोद्लेव्स्कीला स्वदेशी परतता आले. १९०० साली त्याचा अंत झाला. झारच्या दप्तरी तो एक गुन्हेगार होता. परंतु ज्या सत्तेने त्याला शिक्षा ठोठावली, ती १९१७ साली लयाला गेली आणि त्याचे नाव पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत राहिले. ज्या प्रदेशात त्याच्यावर पहारा होता, तेथून ही तिरचिमणी दर शरदऋतूत निघते आणि सरहद्दींची पर्वा न करता भारतात उतरते. येथील रहिवासी तिरचिमणीपासून तिला वेगळी ओळखणे जाणत्यांनाही अवघड जाते. पुष्कळदा तिच्या आवाजावरूनच ती ओळखावी लागते. तेव्हा या हिवाळ्यात माळावर एखादी तिरचिमणी उडाली, तर क्षणभर थांबून तिची साद ऐकावी. कदाचित ती अर्गुनच्या काठची असेल.