बोर, वड, उंबर आणि संजाण

आमच्या किनारपट्टीत गावाचं नाव कशावरून पडलं हे सांगायला पंडित लागत नाही. आजोबा वाडीत पाणी सोडता सोडता सांगत : बोरींची ती बोर्डी, वडाचं घोलवड, चिंचांची चिंचणी, उंबरांचं उंबरगाव. डहाणूचं मूळ धेनुग्राम, असं कुणी म्हटलं की मात्र ते चिडायचे. ‘गायी कुठल्या गावात नव्हत्या?’ मलाही ते मूळ नंतर बसवलेलं वाटतं.

संजाण या झाडोऱ्यात बसत नाही. 1960 पासून ते गुजरातेत. आमच्यापासून तसं हाकेवर. शेजारच्या चिकूवाडीचे पारशी काका छातीवर हात ठेवून सांगत, हे नाव आमच्या गलबतातून आलं. किस्सा असा : इराणहून आलेल्यांना जादी राणाने जागा दिली आणि त्यांच्या दस्तुरांनी तिचं नाव ठेवलं संजाण. खुरासानात याच नावाचं गाव होतं. पुढे संजाण पडलं, तेव्हा पवित्र अग्नी घेऊन माणसं बारा वर्षं बहरोटच्या डोंगरात राहिली. तो डोंगर आमच्या मागेच. त्यामुळे काकांची गोष्ट आम्हाला घरचीच वाटे. पण ही सगळी हकिगत नवसारीच्या बहमन कैकोबादने फारसी पद्यात लिहिली ती 1599 मध्ये, म्हणजे गलबत किनाऱ्याला लागल्यानंतर कित्येक शतकांनी.

आजोबांचा पुरावा तांब्याचा होता. 1955 मध्ये चिंचणीला ताम्रपट निघाले. त्यांतला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, सन 926 चा, आणि त्यात हा मुलूख आहे ‘संयान’ मंडल. कारभारी कोण, तर महंमद नावाचा ताजिक, म्हणजे अरब. संस्कृतात त्याचा ‘मधुमती’ झालाय! या गृहस्थाने नद्यांवर फुकट तरी सुरू केल्या आणि संयानात अन्नसत्र घातलं : साळीचा भात, कालवण, तूप. त्या तुपापाशी आजोबा दर वेळी थांबत.

पारशी 936 ला आले असं मानणारे अभ्यासक आहेत. तसं असेल तर नाव त्यांच्याआधी दहा वर्षं तांब्यावर कोरलेलं होतं. आजोबांनी हे ओटीवर विजयी मुद्रेने मांडलं. काकांनी चहाची बशी खाली ठेवली.

‘मग आमचा बाप 716 लाच आलेला. तेपण साल लिहिलेलं हाय!’