ग्रीसमधील यॉट चार्टर

ग्रीसच्या किनाऱ्यावर आणि बेटांदरम्यान सुट्टी घालवण्यासाठी शिडाची नौका ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेण्याच्या पद्धतीला ग्रीसमधील यॉट चार्टर असे म्हणतात. भूमध्य समुद्रातील नौकापर्यटनात क्रोएशिया, इटली, फ्रान्स, स्पेन व तुर्कस्तान यांच्याबरोबर ग्रीस हा एक प्रमुख देश आहे. या व्यवहाराचे मोटार किंवा घर भाड्याने घेण्याशी वरवर साम्य दिसते. मात्र त्याच्या 'बेअरबोट' या प्रचलित प्रकारात नौकेबरोबर कप्तानाची जबाबदारीही भाडेकरूकडे जाते. मार्गाची निवड, हवामानाचा विचार, नांगर टाकण्याची जागा आणि नौकेवरील माणसांची सुरक्षितता या सर्वांना भाडेकरूंपैकी कप्तान म्हणून नोंद झालेली व्यक्ती उत्तरदायी असते.

भौगोलिक पार्श्वभूमी

ग्रीसला १३,००० किलोमीटरहून अधिक लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. देशात लहानमोठी सुमारे ६,००० बेटे व खडक असून त्यांपैकी २२७ बेटांवर वस्ती आहे. बहुतेक बेटे एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर असल्याने दिवसा प्रवास करून रात्री बंदरात किंवा आडोशाच्या खाडीत मुक्काम करता येतो. शिडाच्या भाडोत्री नौकेचा सरासरी वेग ताशी ५ ते ६ सागरी मैल असतो (१ सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर). त्यामुळे दिवसाला १५ ते २५ सागरी मैलांचा टप्पा सोयीचा मानला जातो.

भरती-ओहोटीचा फरक येथे फारच कमी, साधारणतः अर्ध्या मीटरपेक्षाही कमी असतो. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ पाहून नौका हाकारावी लागते, तसे येथे सहसा करावे लागत नाही. वाऱ्याचा अंदाज मात्र प्रवासाच्या आखणीत निर्णायक ठरतो.

चार्टरचे प्रकार

बेअरबोट चार्टर: नौका कर्मचाऱ्यांशिवाय दिली जाते. भाडेकरूंपैकी एक जण कप्तान असतो.

कप्तानासह चार्टर: कंपनी किंवा भाडेकरू व्यावसायिक कप्तान नेमतो. त्याचे मानधन दिवसाच्या हिशेबाने दिले जाते. त्याच्या जेवणाची आणि झोपण्याच्या जागेची सोय भाडेकरूंना करावी लागते.

कर्मचाऱ्यांसह चार्टर: मोठ्या नौकांवर कप्तान, आचारी व अन्य कर्मचारी असतात. इंधन, खाद्यपदार्थ व बंदरशुल्क यांसाठी भाड्याव्यतिरिक्त एक रक्कम आगाऊ घेतली जाते आणि सफरीअखेर तिचा हिशेब होतो.

फ्लोटिला: अनेक बेअरबोट नौका एका मार्गदर्शक नौकेसोबत ठरलेल्या मार्गाने प्रवास करतात. मार्गदर्शक नौकेवर अनुभवी कप्तान व तंत्रज्ञ असतो. ग्रीसच्या समुद्रात ही पद्धत १९७० च्या दशकात रुजली. कमी अनुभव असलेल्या कुटुंबांना हा प्रकार विशेष सोयीचा ठरतो.

नौका

भाड्याच्या बहुतेक नौका १० ते १५ मीटर लांबीच्या असतात. एक सांगाडा असलेल्या नौकेला मोनोहल, तर दोन समांतर सांगाडे असलेल्या नौकेला कॅटमरान म्हणतात. 'कॅटमरान' हा शब्द तमिळ भाषेतील 'कट्टुमरम' (बांधलेली लाकडे) या शब्दावरून आला आहे. मोनोहल वाऱ्याने एका बाजूला कलते. तिचे भाडे तुलनेने कमी असते आणि वाऱ्याच्या दिशेने वर चढत जाणे तिला अधिक चांगले जमते. कॅटमरान फारशी कलत नाही व तिच्यावर जागा अधिक असते. मात्र तिची रुंदी जास्त असल्याने अरुंद बंदरात तिला जागा मिळणे कठीण जाते. फ्रान्समधील बेनेटो व जेनो आणि जर्मनीतील बव्हेरिया या उत्पादकांच्या नौका भाड्याच्या ताफ्यांत मोठ्या प्रमाणावर आढळतात.

प्रमुख सागरी प्रदेश

आयोनियन समुद्र: ग्रीसच्या पश्चिमेला कॉर्फू, पॅक्सोस, लेफ्कादा, इथाका, केफालोनिया व झाकिंथोस ही बेटे आहेत. उन्हाळ्यात सकाळी वारा मंद असतो, दुपारी वायव्येकडून मध्यम वारा सुटतो आणि सायंकाळी तो सहसा ओसरतो. त्यामुळे नवख्या कप्तानांसाठी हा प्रदेश सुचवला जातो.

सॅरॉनिक आखात: अथेन्सजवळच्या अलिमोस बंदरातून एजिना, पोरोस, हायड्रा व स्पेत्सेस या बेटांकडे जाता येते. हायड्रा बेटावर खासगी मोटारींना बंदी आहे. तेथील बंदर लहान असून गर्दीच्या दिवसांत अनेक नौकांचे नांगर व साखळ्या एकमेकांत अडकतात.

सायक्लेड्स: एजियन समुद्राच्या मध्यभागातील पॅरोस, नॅक्सोस, मिकोनोस, सँटोरिनी इत्यादी बेटांचा हा समूह आहे. उन्हाळ्यातील जोरदार उत्तरी वाऱ्यामुळे येथे अनुभवी कप्तानाची गरज असते.

डोडेकनीज: कोस, रोड्स इत्यादी बेटे तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत आहेत. समोरचा किनारा अगदी जवळ दिसत असला, तरी तेथे जाणे म्हणजे आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडणे होय. त्यासाठी पारपत्र व सीमाशुल्क यांच्या औपचारिकता पार पाडाव्या लागतात. ग्रीसमधील भाडेकरारांत कंपनीच्या पूर्वपरवानगीशिवाय असा प्रवास सहसा निषिद्ध असतो.

आयोनियन समुद्र व सॅरॉनिक आखात यांच्यामधील पेलोपोनीजचा वळसा कोरिंथ कालव्यामुळे वाचतो. हा कालवा १८९३ मध्ये खुला झाला. त्याची लांबी सुमारे ६.३ किलोमीटर आहे.

वारे आणि हंगाम

चार्टरचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर असा असतो. जुलै व ऑगस्ट महिन्यांत भाडे आणि गर्दी दोन्ही सर्वाधिक असतात.

एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणाऱ्या कोरड्या वाऱ्याला 'मेल्तेमी' म्हणतात. त्याचे प्राचीन नाव 'एतेसियन' असून ते वर्ष या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे. दरवर्षी ठरावीक काळात येणारा वारा असा त्याचा आशय आहे. बाल्कन प्रदेशावरील अधिक दाब आणि अनातोलियावरील कमी दाब यांच्यातील फरकातून हा वारा निर्माण होतो. अनातोलियावरील हा कमी दाबाचा पट्टा दक्षिण आशियातील मोसमी न्यूनदाब क्षेत्राचा पश्चिमेकडील विस्तार असतो. त्यामुळे भारतातील नैर्ऋत्य मोसमी वारे आणि एजियनमधील मेल्तेमी यांचा हंगाम एकच असतो. मोसमी वारे पाऊस आणतात, मेल्तेमी मात्र निरभ्र आकाशात वाहतो. आकाश स्वच्छ असल्यामुळे नवख्या माणसाला त्याच्या जोराची पूर्वकल्पना येत नाही.

मेल्तेमीचा जोर बोफर्ट मापनश्रेणीवर अनेकदा ५ ते ७ असतो व काही वेळा ८ पर्यंत जातो. तो सलग अनेक दिवस वाहू शकतो. उंच बेटांच्या दक्षिण बाजूला आडोसा मिळेल असे वाटते, परंतु डोंगरउतारावरून खाली येणारे झोत तेथे अधिक तीव्र असू शकतात. एविया व अँड्रोस या बेटांमधील काफिरेआस सामुद्रधुनी जोरदार वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे.

साप्ताहिक सफरीत या वाऱ्याचा परिणाम विशेषतः परतीच्या प्रवासावर होतो. अथेन्सहून सायक्लेड्सकडे जाताना वारा पाठीशी किंवा बाजूला असतो आणि अंतर झपाट्याने कापले जाते. परत येताना तोच वारा व आखूड, उभ्या लाटा समोरून येतात. नौका ठरल्या वेळी परत करणे करारानुसार बंधनकारक असल्याने खराब हवामानातही निघण्याचा मोह होतो. हे टाळण्यासाठी पहिल्या दिवसांतच वाऱ्याच्या दिशेने वर जाणे, दूरची बेटे मार्गातून वगळणे आणि एखादा दिवस राखीव ठेवणे अशी आखणी केली जाते.

करार व पात्रता

करार बहुधा एका आठवड्याचा, शनिवार ते शनिवार असा असतो. नौका शनिवारी दुपारनंतर ताब्यात मिळते. शुक्रवारी सायंकाळी ती मूळ बंदरात परत आणून शनिवारी सकाळी रिकामी करावी लागते. ताबा घेताना शिडे, इंजिन, नांगर, जीवरक्षक जाकिटे, जीवरक्षक तराफा, अग्निशामक साधने व रेडिओ यांची यादीनुसार तपासणी केली जाते. या वेळी नोंदवून न घेतलेला बिघाड सफरीअखेर भाडेकरूच्या नावे लागण्याची शक्यता असते.

नौकेचा विमा कंपनी उतरवते. नुकसानीचा ठरावीक रकमेपर्यंतचा भाग भाडेकरूच्या अनामत रकमेतून वसूल होतो. ही रक्कम नौकेनुसार हजारो युरोंपर्यंत असते. काही कंपन्या जादा शुल्क घेऊन ती कमी करतात. गंभीर निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीला विम्याचे संरक्षण सहसा मिळत नाही.

बेअरबोट नौकेसाठी कप्तानाकडे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असावे लागते, तसेच नौकानयनाची माहिती असलेली दुसरी प्रौढ व्यक्ती सोबत असावी लागते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ठराव क्र. ४० नुसार दिले जाणारे 'आयसीसी' हे प्रमाणपत्र भूमध्य समुद्रातील अनेक देशांत स्वीकारले जाते. प्रमाणपत्र ही किमान अट असते. कंपनी कप्तानाच्या पूर्वीच्या सफरींची माहितीही मागू शकते.

भारतीय नागरिकांना ग्रीसमध्ये प्रवेशासाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत कमाल ९० दिवस राहता येते.

भाड्याव्यतिरिक्त इंधन, अंतिम स्वच्छता, बंदरशुल्क व खाद्यपदार्थ यांचा खर्च येतो. ७ मीटरपेक्षा अधिक लांबीच्या पर्यटन नौकांवर ग्रीसमध्ये २०१९ पासून 'तेपाई' नावाचे शुल्क आकारले जाते.

बंदरात नौका लावणे

भूमध्य समुद्रात नौका धक्क्याला समांतर न लावता काटकोनात लावण्याची पद्धत रूढ आहे. धक्क्यापासून काही अंतरावर पुढच्या बाजूने नांगर टाकला जातो. साखळी सैल सोडत नौका मागे आणली जाते आणि मागील दोन दोर धक्क्याला बांधले जातात. नांगर तळात पक्का रुतला नाही, तर बाजूने वारा सुटताच नौका शेजारच्या नौकेवर किंवा धक्क्यावर आदळते. अनेक लहान बंदरांत किनाऱ्यावरील खानावळी आपल्या धक्क्यावर ग्राहकांच्या नौकांना विनामूल्य जागा देतात.

सुरक्षितता

समुद्रातील टक्कर टाळण्यासंबंधीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम भाड्याच्या नौकांनाही लागू असतात. शिडाच्या नौकेला इंजिनाच्या नौकेपुढे सर्वसाधारणपणे अग्रक्रम असतो. मात्र शिडे उभारलेली असतानाही इंजिन चालू असल्यास ती इंजिनाची नौका समजली जाते. संकटकाळी व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर मदत मागितली जाते. ग्रीक तटरक्षक दलाचा आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक १०८ आहे. हवामानाचे अधिकृत अंदाज ग्रीसची राष्ट्रीय हवामान सेवा प्रसृत करते.

पर्यावरण

भूमध्य समुद्राच्या उथळ तळावर पोसिडोनिया ओशिआनिका या सागरी वनस्पतीची कुरणे आहेत. ही वनस्पती शैवाल नसून मुळे, पाने व फुले असलेली सपुष्प वनस्पती आहे. ती माशांच्या पिलांना आसरा देते, तळातील वाळू धरून ठेवते व कार्बन साठवते. तिची वाढ अत्यंत मंद असल्याने नांगराने उखडलेला भाग भरून येण्यास दशके लागतात. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात या कुरणांना प्राधान्याने संरक्षण दिले आहे. पाण्यात गडद दिसणारा तळ टाळून फिकट वाळूवर नांगर टाकल्यास कुरणाची हानी होत नाही. कुरणाच्या दाट जाळ्यात नांगर नीट रुतत नसल्याने वाळूची निवड नौकेच्या दृष्टीनेही सुरक्षित असते.

अलोनिसोस व उत्तर स्पोरेड्स येथील सागरी राष्ट्रीय उद्यान १९९२ मध्ये भूमध्य समुद्रातील मंक सीलच्या रक्षणासाठी स्थापन झाले. झाकिंथोस येथील सागरी राष्ट्रीय उद्यान १९९९ मध्ये स्थापन झाले असून तेथील लागानास उपसागराच्या किनाऱ्यावर लॉगरहेड जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. या क्षेत्रांच्या काही भागांत नौकांचा प्रवेश, वेग व नांगर टाकणे यांवर निर्बंध आहेत. ते भाड्याने घेतलेल्या नौकांनाही लागू असून त्यांचे पालन करण्याची जबाबदारी कप्तानाची असते.