छाट

निपाणीत बाईची नजर अधू होतेय हे घरच्यांच्या आधी विडी कारखान्याच्या दिवाणजीला कळायचं. हजार विड्या मोजून घेताना वाकड्यातिकड्या, तोंड नीट न मोडलेल्या विड्या तो बाजूला काढायचा. ती छाट. छाटीचे पैसे मिळत नसत. चाळिशी उलटल्यावर माझ्या आईची छाट वाढायला लागली, तेव्हा आम्ही पानांना दोष दिला. पानावर फर्मा ठेवून कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा. हातांना सगळं पाठ होतं. दोरा मात्र दिसत नव्हता.

पुढं मी तीसेक वर्षं विडी कामगार बायकांचे अर्ज लिहून दिले. त्यामुळं आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांचा इतिहास मला अर्जांच्या रूपातच आठवतो. रहिवासी कुठले, वय किती, काम काय, सभासद कशाचे. डोळ्याला काय झालंय हा रकाना सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यात लहान.

अर्जांच्या आधी मिरज होती. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशनचं रुग्णालय उभं केलं आणि दक्षिण महाराष्ट्र, कर्नाटकातले आंधळे तिकडं जाऊ लागले. बेळगावहून मिरजेला थेट रेल्वे. निपाणीला रेल्वे आजही नाही, त्यामुळं आमच्याकडची माणसं बैलगाडीनं आणि नंतर मोटारीनं जायची. माझ्या आजीच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून, मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला निजवलं होतं. परत आली ती सोड्याच्या बाटलीच्या बुडासारख्या भिंगांचा चष्मा घालून. मिरज संस्थानात, बेळगाव इंग्रजांकडं, कोल्हापूर छत्रपतींकडं, अशी ती वाटणी होती. पण तू कुठली म्हणून कुणी विचारलं नाही, असं आजी सांगायची. तिच्या सांगण्यात थोडी भक्ती असेल, हे मी धरून चालतो.

त्यानंतर शिबिरांचा काळ आला. त्यातलं मोठं नाव डॉ. एम. सी. मोदी, आमच्या शेजारच्या जुन्या विजापूर जिल्ह्यातल्या बीळगीचे. एका दिवसात मोतीबिंदूच्या ८३३ शस्त्रक्रिया, अशी त्यांची नोंद गिनीज बुकात आहे. असल्या शिबिरांत शाळेच्या वर्गात बाकं जोडून माणसं ओळीनं निजवायची आणि डोळ्यातलं अख्खं भिंग काढून टाकायचं. कृत्रिम भिंग हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ मध्येच बसवलं होतं, पण फुकटच्या शिबिरातल्या म्हातारीपर्यंत यायला त्याला चाळीसेक वर्षं लागली. तोवर तो जाड चष्मा हरवला की केलेली शस्त्रक्रिया पाण्यात.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. महाजन आयोगानं १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हटलं, ती काही गेली नाही. ते राजकारण सगळ्यांना ठाऊक आहे. डोळ्यांच्या पैशातही ही सीमा उतरली होती, हे फार कुणाच्या ध्यानात नसतं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ चा, साऱ्या देशासाठी. पण १९९४ मध्ये जागतिक बँकेचं मोतीबिंदूसाठीचं कर्ज आलं ते सात राज्यांना. त्यात महाराष्ट्र होता, कर्नाटक नव्हता. कर्नाटकात डॅनिश सरकारच्या मदतीनं काम चालायचं. म्हणजे महाराष्ट्रातल्या कागलच्या म्हातारीच्या मोतीबिंदूचा पैसा वॉशिंग्टनचा आणि अठरा-वीस किलोमीटरवरच्या निपाणीतल्या म्हातारीचा कोपनहेगनचा. दोघींना याचा पत्ता नव्हता.

विमा म्हणावा असं आम्हाला पहिल्यांदा मिळालं तेही १९७६ चंच. विडी कामगार कल्याण निधीचा कायदा. विडीवर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून दवाखाने, घरं, मुलांच्या शिष्यवृत्त्या चालवायच्या. त्यात चष्म्यासाठी ३०० रुपयांपर्यंत मदत होती. डॉक्टरची चिठ्ठी, दुकानाची पावती आणि ओळखपत्र जोडायचं. मी लिहिलेल्या अर्जांत हे सगळ्यात जास्त, आणि त्यांचा मला अजून अभिमान आहे, कारण चष्मा आला की त्याच आठवड्यात छाट कमी व्हायची. अडचण एकच. मदत कामगाराला होती. डोळे पार गेले की काम सुटायचं, आणि काम सुटलेली बाई कामगार कसली? २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकरही गेला.

बेळगावातल्या बँकवाल्यांकडं, कॉलेजातल्या प्राध्यापकांकडं १९८६ पासून मेडिक्लेम होता. त्यातही मोतीबिंदूला पहिलं वर्ष वगळलेलं. विमा कंपनीलाही ठाऊक होतं, की साठीच्या माणसाचा मोतीबिंदू ही दुर्घटना नव्हे, वेळापत्रक आहे.

२००३ मध्ये कर्नाटकानं सहकारी सोसायट्यांच्या सभासदांसाठी यशस्विनी योजना आणली. वर्षाला माणशी ६० रुपये हप्ता आणि शस्त्रक्रिया फुकट, म्हणून सोसायटीवाल्यांनी नावं घातली. पण पंच्याहत्तरीच्या पुढं दार बंद. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना २००८ ची. तिच्या स्मार्ट कार्डावर वर्षाला ३० हजारांपर्यंतचे उपचार होते, वयाची अट नव्हती, पुढं विडी कामगारही तिच्यात आले. पण एका कार्डावर नावं पाच. नवरा, बायको, तीन पोरं. म्हातारीचं नाव कुठं घालू, असं माझ्यासमोर बसून विचारणारे मुलगे मी पाहिलेत. विचारताना ते माझ्याकडं बघायचे नाहीत.

२०२३ मध्ये महाराष्ट्रानं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ मराठीभाषक गावांना लागू केली. कर्नाटकानं हरकत घेतली. आमच्याकडं आनंद झाला, मलाही झाला. मात्र अर्ज लिहिताना जाणवलं, की विडी, सोसायटी, स्मार्ट कार्ड यांच्यानंतर आता भाषेच्या मागं बसून डोळा रुग्णालयात जाणार.

मग २९ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं सत्तरीवरच्या सगळ्यांसाठी वर्षाला पाच लाखांचं आयुष्मान संरक्षण सुरू केलं, उत्पन्नाची अट न घालता. ते वाचून शेजारच्या आक्का आधारकार्ड घेऊन माझ्याकडं आल्या. उजव्या डोळ्याचं झालेलं, एका फुकट शिबिरात. डावा पिकत आलाय. कार्डावर जन्मतारीख ०१-०१-१९५८.

"अवं, म्हैसूरात घातलं तवा मी सुपात इड्या वळत हुते की," त्या म्हणाल्या. "आईच्या शेजारी बसून."

म्हणजे निदान आठ वर्षांच्या तरी असणार. कार्डावर मात्र त्यांचा जन्मच राज्य पुनर्रचनेनंतरचा. शाळेचा दाखला नाही, त्या शाळेत गेल्याच नाहीत. मी दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला. पुरावा काय जोडावा, ते सुचत नव्हतं. आक्का तोवर माझ्या टेबलावरचा अर्जांचा गठ्ठा उचलून, डावा डोळा मिटून, अंगठ्यानं एकेक कागद मोजत बसल्या होत्या. पंचवीस-पंचवीसचे कट्टे लावल्यासारखे.