जुनी एक्सयूव्ही 500 घेताय? आधी आरसी बघा

महिंद्राची एक्सयूव्ही 500 चाकणला बनायची. 2011 ला आली, 2021 मध्ये बंद झाली. 2.2 लिटर डिझेल, सात सीट. लग्नाला भुसावळहून सगळं घर एका गाडीत निघतं. पण शेवटच्या सीटवर पोरंच बरी, आणि ती सीट उघडली की सामानाला जागा नाही. एसी भर दुपारी चालवून बघा, आपल्याकडचं ऊन माहीतच आहे. क्लच, टर्बो ओळखीच्या मिस्तरीला दाखवा.

दिल्लीच्या 10 वर्षांच्या नियमामुळे तिकडच्या डिझेल गाड्या स्वस्तात येत आल्या. त्यात एमएच 19 नंबर घेण्याचा टॅक्स धरून हिशेब करा. पहिल्या वर्षांच्या गाड्यांची 15 वर्षांची आरसीही संपत आली. बोजा असेल तर बँकेची एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.